कढणावरचे झाकण

४ नोव्हेंबर

धाकटीस,

आशीर्वाद. हा शब्द सवयीने लिहिला गेला आहे; त्यावरून समेटाचा कोणताही निष्कर्ष काढू नये.

बाबा सुखरूप पोहोचले. तुझ्या नवऱ्याने त्यांना स्टेशनावर माझ्या ताब्यात देताना फक्त एवढेच म्हटले, "ताई, औषधं निळ्या पिशवीत आहेत." अडीच वर्षांनी तुझ्या घराकडून माझ्यापर्यंत आलेले हे पहिले वाक्य. माहितीच्या दृष्टीने ते निर्दोष होते. औषधे खरोखरच निळ्या पिशवीत होती.

तुमच्या घराचे छप्पर उतरवून नवे घालायला दोन महिने लागतील असे गवंडी म्हणतो, म्हणजे चार लागतील. तोवर बाबा इथेच राहतील. आई गेल्यापासून मी त्यांना हेच सांगत होते. माझा युक्तिवाद ज्यांना पटला नाही, त्यांना गळके छप्पर पटले.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझे वाक्य अर्ध्यावर तोडतेस. पत्रात मला शेवटापर्यंत जाता येते.

विषय एकच : बाबा जेवत नाहीत. मी त्यांच्या वयाला, रक्तदाबाला आणि दातांना अनुरूप असा आठवड्याचा आहार आखून स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. ते तो चष्मा लावून वाचतात, "वा, अक्षर छान आहे" म्हणतात, आणि पावाचा तुकडा कुरतडून उरलेला खिडकीतल्या पाखरांना घालतात. पाखरे गुबगुबीत झाली आहेत. काल त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडले. तेही तिरके. मी म्हटले, "बाबा, माझ्याकडे भोकं पाडायचं यंत्र आहे, सरळ पडलं असतं." तर म्हणाले, "पँट पडू नये एवढंच पाहिजे गं मला."

शेवटी विचारले, "नक्की काय खावंसं वाटतंय?"

जराही विचार न करता म्हणाले, "कढण. मसुरीचं. आपल्याकडचं."

आता, या विषयावर आपण दोघींनी आई गेल्यावर घर आवरताना जे बोलायचे ते बोलून घेतलेले आहे. तू आईचे कढणाचे भांडे घेतलेस. मी कृती घेतली. तू म्हणालीस, "कागदाला काय वास येणार आहे?" मी म्हणाले, चव भांड्यात नसते, प्रमाणात असते. त्यानंतर तू जे म्हणालीस ते लिहिण्याजोगे नाही.

तेव्हाचा वाद आता पुराव्याने मिटेल. आई धडधाकट होती तेव्हा मी प्रयोगशाळेतला तराजू घरी आणून तिच्या प्रत्येक मुठीचे आणि चिमटीचे वजन केले होते, हे तुला आठवत असेल. आई हसत म्हणाली होती, "साठ वर्षं वापरतेय हा हात. आता तू त्याला पास करणार की नापास?" मी पास केला होता. त्याच मापांनी मी उद्या कढण करणार आहे. निकाल लागल्यावर मला कळवलेच नाही असे तू म्हणू नयेस, एवढ्यासाठीच हे पत्र.

— तुझी ज्येष्ठ भगिनी


११ नोव्हेंबर

धाकटीस,

निकाल अद्याप हाती आलेला नाही, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक बरोबर ठरेल.

कढण केले. मसूर, गाजर, कांदा, लसूण, मिरे, मीठ, सगळे आईच्या मापाने. आईने सांगितल्याप्रमाणे झाकण घट्ट लावले आणि गजर होईपर्यंत त्याला हात लावला नाही. (माझ्या पातेल्याचे झाकण इतके काटेकोर बसते की वाफेचा कण बाहेर पडत नाही. दुकानात मी त्यासाठी अकरा झाकणे लावून पाहिली होती. दुकानदाराने शेवटी खुर्ची आणून दिली.)

बाबांनी तीन चमचे घेतले. मग "चांगलं आहे" म्हणाले. लोकांची कुरूप बाळे पाहून ते ज्या सुरात हे म्हणतात, त्याच सुरात.

"चांगलं म्हणजे? काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं."

"मग जास्त काय आहे?"

"जास्तही काही नाही. तेच तर."

असल्या उत्तराचे मी काय करावे? एखादा कारखानदार माझ्याकडे वजने तपासून घ्यायला आला आणि म्हणाला की यात कमीही काही नाही आणि जास्तही काही नाही, पण हे किलो वाटत नाही, तर मी त्याला दाराबाहेर काढीन. बाबांना काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले कढण मी डबा भरून प्रयोगशाळेत नेले आणि सहा सहकाऱ्यांना चाखायला दिले. माझा सहायक म्हणाला, "छान आहे, मॅडम." मी त्याला सांगितले की 'छान' हे एकक नाही. तेव्हा तो घाबरून म्हणाला, "मॅडम, पाण्यात डाळ आहे आणि डाळीत पाणी आहे. पण दोघांची ओळख झालेली दिसत नाही." त्याला मी त्या दिवशी वेळेआधी घरी पाठवले. वाक्य उद्धट होते. वाईट नव्हते.

माझा अंदाज असा की दोष मालाचा आहे. इथली मसूर एकसारखी, धुतलेली आणि चकचकीत आहे. आपल्याकडची ओबडधोबड असायची. इथल्या पाण्यालाही क्लोरीनचा वास येतो. तेव्हा या शहरात आपल्या गावचा माल किंवा आपल्या गावचे माणूस कुठे मिळते का, याचा शोध घेते आहे.

तुझा सल्ला मागितलेला नाही, हे नोंदवून ठेवावे.

— ज्येष्ठ भगिनी


२० नोव्हेंबर

धाकटीस,

या शहरात आपल्या गावची चव देण्याचा दावा करणारी चार ठिकाणे आहेत. मी बाबांना घेऊन चारही पाहिली. थोडक्यात अहवाल देते.

पहिल्या ठिकाणी कढण हिरवे होते. कारण विचारले तर वाढप्या म्हणाला, "आमच्याकडे हिरवंच असतं." मी विचारले, तुमच्याकडे म्हणजे कुठे? त्याने टेबल पुसायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते.

दुसऱ्या ठिकाणी त्यावर साय घातली होती, सायीवर पान आणि पानावर काहीतरी लाल. बाबांनी पान उचलून पाहिले, खाली कढण आहे की नाही याची खात्री केली आणि पान पुन्हा जागच्या जागी ठेवले. "कुणाची तरी मेहनत आहे," म्हणाले.

तिसरे बंद होते. चारांत तेच सर्वांत प्रामाणिक वाटले.

चौथ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. एका अरुंद गल्लीत, चपला दुरुस्त करणारा आणि किल्ल्या करणारा यांच्या मध्ये एक खाणावळ आहे. मालक जाडजूड, कपाळावर घाम, खांद्यावर फडके. मी आत शिरल्या शिरल्या विचारले, "तुम्ही मूळचे तिथलेच का?"

"नाही बुवा. बायको तिथली."

"मग त्यांना बोलवा."

"ती माहेरी गेलीय. तुमच्याच गावी." आणि स्वतःच हसला. "बसा, बसा. आजोबा, तुम्ही भिंतीकडे बसा, तिथे पंख्याचं वारं लागत नाही."

कढण आले. रंग बरोबर. बाबांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी माझा चमचा खाली ठेवला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मिठाची बाटली शोधू लागले.

मी मालकाला सांगितले, "आमच्याकडे असं नसतं."

तो जणू याच वाक्याची वाट बघत होता. फडके दुसऱ्या खांद्यावर टाकून म्हणाला, "बाई, तुमच्या गावचं जे माणूस इथे येतं ते हेच म्हणतं. असं नसतं. मी म्हणतो, मग कसं असतं ते सांगा, तसं करतो. एक म्हणतो दाट. दुसरा म्हणतो छे, आंबट. एक मास्तर आले होते, ते रडलेच. म्हणाले गोडसर असतं. म्हटलं, अहो, तुमचं गाव आहे का सात-आठ गावं आहेत?"

"तुम्हाला मूळ कृती मिळालेली नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे ती आहे. ग्रॅममध्ये."

"मग इथे कशाला आलात?"

यावर बाबा हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. इतके हसले की मालकाने त्यांना पाणी आणून दिले, आणि मग दोघे गावच्या जुन्या सिनेमागृहाबद्दल बोलत बसले. मालकाने ते कधी पाहिलेले नाही, पण त्याच्या बायकोने तिथे तीन आसने सोडून बसलेल्या कुणाला तरी नकार दिला होता म्हणे. मी बिल चुकते करून दारात उभी राहिले. परतताना बाबा म्हणाले, "माणूस चांगला आहे." मी विचारले, "आणि कढण?" ते म्हणाले, "माणूस चांगला आहे."

वाटेत ते दोनदा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, दुकाने पाहायला, असे त्यांचे म्हणणे. कोट त्यांच्या खांद्यावरून आता हँगरवर टांगल्यासारखा लोंबतो.

हे मी तुला का सांगते आहे ते मलाही नीट सांगता येणार नाही, तरी सांगून ठेवते.

— ज्येष्ठ


२५ नोव्हेंबर

धाकटीस,

तुझे कार्ड मिळाले. अडीच वर्षांच्या मौनानंतर माणूस चार ओळी तरी लिहितो. तू दोन लिहिल्यास.

पहिली : "मीठ कमी पडतंय." तुझ्या माहितीसाठी, मीठ आईच्या चिमटीच्या वजनाइतकेच आहे. ती चिमूट मी तीनदा मोजली होती. माझ्या मोजमापावर या देशातले सराफ सोने विकतात.

दुसरी : "पुढच्या रविवारी हे येऊन बाबांना घेऊन जातील, छप्पर नसलं तरी ताडपत्री आहे." ही ओळ मी अनेक वेळा वाचली. तुझा हेतू चांगला असेल. पण त्यात "तुला जमणार नाही हे माहीतच होतं" अशी एक तिसरी ओळ आहे, जी तू लिहिलेली नाहीस आणि मला स्वच्छ दिसते.

बाबांना विचारले, जायचे आहे का? म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा." मी म्हटले, आम्ही दोघी मिळून काही ठरवत नाही. ते म्हणाले, "हो, ते आहेच," आणि पाखरांना पाव घालायला उठले.

रविवारला अजून वेळ आहे.


१ डिसेंबर

प्रिय धाकटे,

हे पत्र मी दोनदा फाडले आहे. तिसऱ्यांदा फाडणार नाही. अक्षर बिघडले तर समजून घे.

आज दुपारी मी प्रयोगशाळेतून अवेळी घरी आले. कारण क्षुल्लक होते, चष्मा घरी राहिला होता. सकाळी निघण्यापूर्वी कढण करून ठेवले होते. नव्या मसुरीचे, उकळून गाळलेल्या पाण्यातले, आठवे. दार उघडले आणि स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज आला.

माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी जात नाही. हा नियम आहे, आणि तो आहाराच्या तक्त्याखाली लिहिलेला आहे. आत पाहते तर बाबा. कोटाच्या खिशातून त्यांनी लिंबाची अर्धी फोड काढली, ती माझ्या पातेल्यात पिळली, साल परत खिशात ठेवले, आणि बोटे कोटालाच पुसली.

"बाबा!"

ते इतके दचकले की चमचा कढणात पडला. चोर सापडावा तसे उभे राहिले. मग मलाच म्हणाले, "तू एवढ्या लवकर कशी आलीस?"

"हे काय चाललंय?"

"काही नाही. थोडं लिंबू."

"कृतीत लिंबू नाही!"

"कृतीत कसं असेल? मी काय तुझ्या आईला विचारून पिळत होतो?"

मी खुर्चीवर बसले. ते समोरच्या खुर्चीवर बसले. आणि मग, धाकटे, बाबांनी सांगितले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण सुधारण्यासारखे त्यात काही नाही.

"रोज पिळायचो. लग्न झाल्यापासून. तुझी आई मागच्या अंगणात गेली की. तिला आंबट आवडायचं नाही, पण कढणाला लागतंच ते. मला वाटायचं तिला कळत नाही."

"आणि कळत होतं?"

"सगळं. कढण चुलीवर चढवताना मीठ टाकायची तर हात आखडायची. एकदा मी म्हटलं, 'अगं, एवढंसंच?' तर हसली. म्हणाली, 'येतील आता एकेक जण.'"

"एकेक जण म्हणजे कोण?"

"म्हणजे मी. मग धाकटी. ती येऊन काहीतरी टाकून जायची."

"काय टाकायची?"

"ते नाही बुवा दिसलं कधी. मूठ बंद असायची तिची. टाकलं की पळाली. आणि मग तू."

मी उभी राहिले. "बाबा, मी कधीही आईच्या स्वयंपाकात ढवळाढवळ केलेली नाही."

"नाही केलीस," बाबा म्हणाले. "तू तपासणी करायचीस. शाळेतून आलीस की दप्तरासकट चुलीपाशी. झाकण काढायचं, वास घ्यायचा, काय चुकलंय ते आईला ऐकवायचं आणि निघून जायचं. झाकण परत ठेवलंयस असं एकदाही झालं नाही. तासभर उघडंच उकळत राहायचं ते. म्हणून तर दाट व्हायचं. तू शिकायला बाहेर गेलीस तेव्हापासून पातळ झालं ते झालंच. आई म्हणायची, 'इन्स्पेक्टरबाई नाहीत ना.'"

धाकटे, मी आईच्या प्रत्येक चिमटीचे वजन केले. चिमटी बरोबरच मोजल्या, यावर मी आजही ठाम आहे. फक्त ते पूर्ण कढण नव्हतेच. आईने आपल्या सगळ्यांसाठी जागा ठेवून जेवढे शिल्लक राहील तेवढे केले, आणि मी त्यालाच पूर्ण समजून त्यावर सही केली. त्या दिवशी ती हसत होती, ते माझ्या तराजूला नव्हते.

मग बाबांना विचारले, जे गेले काही दिवस विचारायचे टाळत होते. "धाकटीकडे भांडं आहे. तिथे तर तुम्ही रोज लिंबू पिळत असाल. तिचं कढण तरी बरोबर होत असेल."

ते म्हणाले, "छे गं. चव असते, पण पाणी होतं त्याचं. तिला वाटतं कृती तुझ्याकडे आहे म्हणून. भांडं घासत घासत तुला शिव्या घालते."

मला बरे वाटले. हे लिहिणे सभ्य नाही, तरी लिहिते : मला अतिशय बरे वाटले.

त्यानंतर मी पातेल्याचे झाकण कपाटात ठेवून दिले, बाबांचा चमचा बाहेर काढला आणि गॅस मोठा केला. प्रयोगशाळेत कळवले की आज परत येणार नाही. आम्ही दोघे टेबलाशी बसून ते आटताना पाहत होतो. बाबा म्हणाले, "काहीतरी बोल की. तू काय चुकलंय ते सांगायचीस." मी सांगितले : गाजराचे तुकडे असमान आहेत, डाळ तळाला लागायच्या बेतात आहे आणि लिंबाच्या बिया काढलेल्या नाहीत. बाबा एकदम खूश झाले.

एक वाटीभर जेवले. पाव बुडवून. पाखरे खिडकीत येऊन वाट पाहून गेली.

वाटी खाली ठेवून म्हणाले, "जवळ आलंय. धाकटीचं राहिलं."

तर आता कामाचे. रविवारी नवऱ्याला पाठवू नकोस. तू ये. त्यालाही आण हवे तर, तो शांत माणूस आहे आणि पिशव्यांच्या रंगाबाबत भरवशाचा आहे. बाबांना न्यायचे की इथे ठेवायचे, ते जेवण झाल्यावर तिघे बसून ठरवू. ताडपत्रीखाली मी त्यांना सुखासुखी जाऊ देणार नाही, हे आत्ताच सांगते. आणि भांडे आण. चव भांड्यात नसते हे माझे मत कायम आहे, पण माझे झाकण फारच घट्ट बसते.

मुठीत काय असायचे ते मला लिहून पाठवू नकोस. मी ते मोजीन, आणि मग त्याचे काही खरे नाही. दारावरचा तक्ता मी काढला आहे, त्याखालचा नियमही. तू आलीस की मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जाईन. बरेच कपडे आहेत. पाठ तुमच्याकडे असेल. बाबा कोट घालून बसतील आणि आपण काहीच करत नसल्यासारखे छताकडे बघतील. तुझे झाले की तू पळ, जशी पळायचीस तशी. मग मी आत येईन, झाकण काढीन, आणि काय काय चुकले आहे ते सांगेन. तेवढे मात्र तुला ऐकून घ्यावे लागेल. त्याशिवाय ते दाट होत नाही.

मीठ मी हात आखडून टाकीन.

तुझी,
ताई